ऑपरेशन झालं, पण पुढची तारीख?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडं विट्याला आजोळी जमायचो. संध्याकाळी ऊन उतरलं की वाड्यासमोर पकडापकडी सुरू व्हायची. माझी एक मावसबहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. ती दहा-बारा पावलं धावायची आणि मध्येच उकिडवी बसायची. ओठ जांभळे, नखं जांभळी. राज्य तिच्यावर आलेलं असताना ती अशी बसली की आम्ही सगळे ‘रडीचा डाव खडी’ म्हणून ओरडायचो. ती काही उत्तर द्यायची नाही. गुडघे पोटाशी घट्ट धरून बसायची, दम परत आला की उठायची आणि पुन्हा धावायला लागायची.

ती तशी का बसायची, हे मला वीस वर्षांनी इथे मिनियापोलिसमध्ये एका डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं.

साल 2017. बायकोला पाचवा महिना सुरू होता. नेहमीच्या सोनोग्राफीत तंत्रज्ञ मुलगी हसत हसत बाळाचे हात-पाय दाखवत होती, आणि हृदयापाशी आल्यावर गप्प झाली. पुढच्या आठवड्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको झाला आणि आजाराचं नाव कळलं: टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फॅलो हे फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर. त्यांनी 1888 मध्ये या ‘निळ्या आजारा’चं नीट वर्णन केलं. यात चार दोष एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक असतं. फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. महाधमनी आपली जागा सोडून त्या भोकावर सरकलेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजवा कप्पा जाडजूड होतो. परिणाम असा की बरंचसं अशुद्ध रक्त फुफ्फुसात न जाता थेट शरीरात जातं आणि मूल निळं पडतं.

‘आणि मोठी मुलं उकिडवी बसतात,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘तसं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जायची वाट जड होते, म्हणून जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. त्यांना कोणी शिकवत नाही. ती आपली आपणच शोधून काढतात.’

माझ्या डोळ्यांसमोर विट्याचं अंगण आलं. मी म्हणालो, माझ्या मावसबहिणीला बहुतेक हेच होतं. मुंबईला ऑपरेशन झालं, आता ती ठणठणीत आहे.

‘अरे वा,’ त्या म्हणाल्या. ‘आता कुठे दाखवते ती?’

मला प्रश्नच कळला नाही. ऑपरेशन 1998 साली झालेलं. आता कशाला कुठे दाखवेल?

आमच्या लेकीचं ऑपरेशन ती पाच महिन्यांची असताना झालं. सकाळी साडेसातला तिला माझ्या हातातून घेतलं आणि दुपारी दोनला सर्जन बाहेर आले. मधल्या वेळात मी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि एका ओळीचाही अर्थ लागत नव्हता. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांना माहीत आहे. त्यानंतर काय झालं, ते मात्र लिहायचं आहे. त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

पंधरा दिवसांनी घरी आल्यावर सांगलीहून आईचा फोन आला. ‘सुटली बाई एकदाची पोर. आता विषय संपला.’ सगळ्या नातेवाइकांचं हेच म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. पण घरी सोडताना नर्सने जी फाईल हातात दिली, तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं की या मुलीला आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञांकडे तपासणीला यावं लागेल. आयुष्यभर. मी तो शब्द दोनदा वाचला.

कारण साधं आहे. भोक बुजवायला एक ठिगळ लावतात. फुफ्फुसाकडची अरुंद वाट रुंद करायला दुसरं. आमच्या धंद्यातही त्याला पॅचच म्हणतात, आणि पॅच म्हणजे काय हे मला पोटापाण्यामुळे चांगलं माहीत आहे. सिस्टीम चालू राहते, पण ती मूळची राहत नाही. पुष्कळ मुलांमध्ये वाट रुंद करताना तिथल्या झडपेवरूनच ठिगळ न्यावं लागतं, त्याला ट्रान्सअॅन्युलर पॅच म्हणतात. झडप मग नीट मिटत नाही. फुफ्फुसाकडे गेलेलं रक्त प्रत्येक ठोक्याला थोडं मागे येतं. उजवा कप्पा हे जास्तीचं ओझं वर्षानुवर्षं मुकाट सोसतो आणि हळूहळू फुगत जातो. मूल मोठं होतं, शाळेत जातं, कॉलेजात जातं, त्याला काही जाणवत नाही. जाणवायला लागतं तोवर कधी कधी कप्पा इतका ताणलेला असतो की झडप बदलली तरी तो पूर्ववत होत नाही. शिवाय टाक्यांच्या, ठिगळांच्या जागी जे व्रण राहतात, तिथून पुढे कधीतरी ठोक्यांची लय बिघडू शकते. ही लय काही जणांमध्ये जिवावर बेतणारी असते.

म्हणून तारखा. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. वजन, उंची, ऑक्सिजन, ईसीजी, इको. मधूनच चोवीस तास छातीला चिकटवून ठेवायचं होल्टर. दोन-तीन वर्षांनी एमआरआय सुरू होईल, कारण उजवा कप्पा आकाराने असा वेडावाकडा असतो की इकोत त्याचं नेमकं माप मिळत नाही. आणि एमआरआयच्या बोगद्यात श्वास रोखून न हलता पडून राहण्याइतकी अक्कल मुलांना नऊ-दहाव्या वर्षी येते. थोडी मोठी झाली की तोंडाला मास्क लावून सायकल चालवायची चाचणी. ती का, असं मी विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘कारण या मुलांना विचारलं की ती नेहमी सांगतात, मला काही होत नाही. खोटं बोलत नसतात. त्यांना वेगळं कसं वाटतं हे माहीतच नसतं.’

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते मिनियापोलिसचंच आहे. रुग्णालयात जाताना आम्ही मिनेसोटा विद्यापीठावरून जातो. तिथे मार्च 1954 मध्ये डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका लहान बाळाचं हृदय उघडून भोक शिवलं. हार्ट-लंग मशीन तेव्हा भरवशाचं नव्हतं. मग त्यांनी बाळाच्या वडिलांना शेजारच्या टेबलावर झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या, आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत बापाच्या हृदय-फुफ्फुसांनी लेकराचं काम केलं. टाके नीट बसले होते, पण बाळ अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. डॉक्टर थांबले नाहीत. या पद्धतीने 45 ऑपरेशनं झाली आणि 28 रुग्ण घरी गेले. फॅलोच्या आजाराची जगातली पहिली संपूर्ण दुरुस्तीही इथेच, 31 ऑगस्ट 1954 ला झाली. भोक शिवताना हृदयातली वीजवाहक तार दुखावली जायची आणि ठोके मंदावायचे, म्हणून भिंतीतल्या प्लगवर चालणारे पेसमेकर वापरत. 1957 मध्ये शहरातली वीज गेली तेव्हा लिलेहाय यांनी अर्ल बॅकन नावाच्या इंजिनिअरला गळ घातली. त्याने एका मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या सर्किटवरून महिन्याभरात बॅटरीवर चालणारा, छातीवर अडकवता येईल असा डबा तयार केला. इंजिनिअर म्हणून मला ती गोष्ट फार आवडते.

पण बाप म्हणून मला त्याच डॉक्टरांचं दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं. 1986 मध्ये लिलेहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. 1954 ते 1960 या काळात फॅलोचं ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या 106 जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी 26 ते 31 वर्षांनी शोधून काढलं होतं. किती जगले, कोणाला पुन्हा ऑपरेशन लागलं, शिक्षण किती झालं, मुलंबाळं झाली का. इंटरनेट नसताना. पत्ते बदललेले, मुलींची आडनावं बदललेली. ज्या माणसाने नवी शस्त्रक्रिया केली त्यालाच तीस वर्षांनी ‘कसे आहात?’ असं विचारावंसं वाटलं. माझ्या मावसबहिणीला कोणी असं विचारलं होतं का?

2017 च्या त्या भेटीनंतर मी मावशीला फोन केला होता. मावशी म्हणाली, ‘ऑपरेशननंतर दोनदा गेलो की मुंबईला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. मग तिची शाळा, ह्यांची साखर कारखान्याची पाळी, एसटीचा खर्च. आणि पोरगी धावत होती, ओठ गुलाबी झाले होते. कशाला जायचं?’ मग जरा थांबून खालच्या आवाजात, ‘आणि हे बघ, कराडला तिच्या सासरी हा विषय काढू नकोस. जावईबापूंना माहीत आहे. विहीणबाईंना नाही सांगितलेलं.’

लग्न ठरवताना लपवलं होतं. छातीच्या मधोमध वीतभर व्रण असलेली मुलगी, आणि मावशीला वाटलं, सांगितलं तर कोण करून घेईल? मी यात मावशीला दोष देत नाही. आपल्यातल्या किती घरांत हेच झालं असतं, ते वाचणाऱ्यांनी मनाशी कबूल करावं. दोष द्यायचाच तर मला द्यावा लागेल. मला इथे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फाईलमध्ये लिहून दिलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. तेव्हा तिला एक मुलगा होता. 2019 मध्ये दुसरी मुलगी झाली. अशा बाईने दिवस जाण्याआधीच हृदयतज्ज्ञांना दाखवायला हवं असतं, कारण बाळंतपणात हृदयावरचा भार खूप वाढतो, आणि बाळालाही हृदयदोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त म्हणजे साधारण तीन ते पाच टक्के असते. हे मला माहीत होतं. मी पेढ्यांचा फोटो बघून अभिनंदनाचा मेसेज पाठवला.

अमेरिकेत सगळं आलबेल असतं असाही कोणी समज करून घेऊ नये. 2023 च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. नोकरीबरोबर विमा जातो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जुना विमा काही महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, आणि तो आकडा बघून पोटात गोळा येतो. लेकीची वार्षिक तपासणी मार्चमध्ये होती. मी फोन करून पुढे ढकलली. ‘बरीच आहे की ती’, हे वाक्य मी स्वतः बायकोला म्हणालो. म्हणजे मावशीचंच. फक्त एसटीच्या भाड्याऐवजी माझ्याकडे विम्याचा हप्ता होता. सात महिने उशिरा गेलो. काही बिघडलं नव्हतं, नशीब. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी पैशांची अडचण आली तर तारीख रद्द करू नका, आधी आमच्या समाजसेविकेला फोन करा, तिचं कामच ते आहे.

याच भेटीत दुसरं एक निघालं. लेक दुसरीत जाऊनही वाचायला कंटाळत होती, शाळेत लक्ष टिकत नव्हतं. आजीचं मत, ‘लहान आहे अजून, होईल.’ माझं मत, आयपॅड. पण हृदयदोषावर लहानपणी मोठं ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये बोलणं, शिकणं, लक्ष देणं, हाताची कौशल्यं यांत अडचणी जास्त दिसतात, म्हणून अशा मुलांची तीही तपासणी ठरावीक काळाने करावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्येच सांगून ठेवलंय. ती तपासणी झाली. शाळेने परीक्षेला जास्त वेळ, पुढच्या बाकावर जागा असा 504 प्लॅन करून दिला. पोर आता स्वतःहून पुस्तकं मागते. हृदयाच्या तपासणीला गेलो म्हणून हे कळलं. नाहीतर मी तिला आळशी म्हणत राहिलो असतो. ज्याने एका लहान मुलीला उकिडवी बसली म्हणून रडी ठरवलं होतं, तोच मी.

डिसेंबर 2023 मध्ये आम्ही भारतात गेलो. कराडहून सगळे मिळून सज्जनगडाला निघालो. लेक पायऱ्या पळत चढत होती, आणि आई मागून ओरडत होती, ‘धावू देऊ नका रे तिला!’ तिला धावायची पूर्ण परवानगी आहे, नव्हे, धावलंच पाहिजे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. स्नोबोर्डवर ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकणारा शॉन व्हाइट हाच आजार घेऊन जन्मला होता. ते आईला पायऱ्यांवर समजावता समजावता मी मागे बघितलं, तर मावसबहीण कठड्याला टेकून थांबली होती. एक हात छातीवर. मला बघून हसली. ‘वजन वाढलंय रे दादा.’

वजन वाढलेलं नव्हतं. खाली आल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं. कधीपासून? वर्षभर. धडधडतं? हो, कधी कधी रात्री. कोणाला दाखवलंस? गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्यात.

त्या रात्री विट्याला मावशीने पेटी उघडली. रेशनकार्ड, कारखान्याचे शेअर, पतसंस्थेच्या फेडलेल्या कर्जाच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं 1998 चं डिस्चार्ज कार्ड. कार्बनची पुसट प्रत. ‘ट्रान्सअॅन्युलर पॅच’ हे शब्द मला वाचता आले. त्याखाली ‘सहा महिन्यांनी तपासणी’. रुग्णालयाकडे तिचं काहीही शिल्लक नव्हतं. इतकी जुनी कागदपत्रं ठेवत नाहीत, असं उत्तर मिळालं. मावशीची पेटी नसती तर कोणतं ऑपरेशन झालं होतं हेही डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागलं असतं.

पुण्यात तिला जन्मजात हृदयदोषांच्या तज्ज्ञांकडे नेलं. हे मुद्दाम लिहितोय. मोठ्या माणसाच्या छातीवर व्रण दिसला की लोक विचारतात, ‘बायपास झालं का?’ प्रौढांचे बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ दिवसभर तुंबलेल्या रक्तवाहिन्या बघत असतात, आणि ठिगळ लावलेलं हृदय हे वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडे अशा मोठ्या झालेल्या रुग्णांना पुष्कळदा मुलांचे हृदयरोगतज्ज्ञच बघतात. त्यामुळे दोन मुलांची आई असलेली माझी बहीण भिंतीवरच्या जिराफ-हत्तींखाली, कडेवरच्या बाळांच्या रांगेत नंबर लावून बसली. शेजारच्या बाईने विचारलं, ‘तुमचं बाळ कुठाय?’ ती म्हणाली, ‘मीच ते.’

इको, ईसीजी, होल्टर, मग एमआरआय. झडप जवळजवळ नव्हतीच. उजवा कप्पा फुगला होता, पण हाताबाहेर गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, योग्य वेळेच्या शेवटच्या टोकाला आलात.

आता घरी सांगणं भाग होतं. नवऱ्याने सांगू का विचारलं. ती म्हणाली, नको, मीच सांगते. मला वाटलं होतं, सासूबाई फसवलं म्हणून आकांडतांडव करतील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग रडायलाच लागल्या. ‘दोन बाळंतपणं केली मी हिची. दोन्ही वेळेस उशाला बसले. पहाटे विहिरीचं पाणी भरायला लावलं, जड उचलायला लावलं. काही झालं असतं तर? एका शब्दाने बोलला असतात!’ आणि तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. मावशीशी त्या आजही जेवढ्यास तेवढंच बोलतात. पण पुण्याला ऑपरेशनच्या वेळी बारा दिवस रुग्णालयात राहिल्या त्या त्याच.

मे 2024 मध्ये तिची झडप बदलली, प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली. ती कायम टिकणारी नाही. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावी लागेल. दिलासा इतकाच की तेव्हा छाती उघडावी लागेलच असं नाही. मांडीच्या शिरेतून नळी घालून फुफ्फुसाकडची झडप बसवायची पद्धत 2000 मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा वापरली गेली आणि आता भारतातही होते. त्यामुळे तिलाही आता तारखा आहेत. कृत्रिम झडप असल्यामुळे दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक घ्यायचं, कारण हिरड्यांतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर घर करू शकतात. हे दंतवैद्याला तिने स्वतः सांगायचं, त्याने विचारायची वाट बघायची नाही.

भारतात दरवर्षी दोन लाखांहून जास्त मुलं हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. शोधायची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी सुधारली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, अंगणवाडी-शाळांत तपासणी होते, महात्मा फुले योजनेतून ऑपरेशनं होतात, खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीसारख्या ठिकाणी तर बिलाचा काउंटरच नाही. हजारो मुलं वाचतायत. पण वाचलेलं मूल विसाव्या वर्षी कुठे असेल, त्याची फाईल कुठे असेल, याची सोय अजून बहुतेक ठिकाणी आईच्या पेटीवरच आहे. आणि फक्त भारतातच असं नाही. कॅनडातल्या टोरोंटोसारख्या ठिकाणी, जिथे उपचार फुकट आहेत, तिथे गुंतागुंतीचे हृदयदोष असलेल्या 360 तरुणांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बालरुग्णालयातून मोठ्यांच्या विशेष दवाखान्यात नीट पोचलेले निघाले 47 टक्के. अमेरिकेत 2010 च्या अंदाजानुसार जन्मजात हृदयदोष असलेली मुलं 10 लाख, तर प्रौढ 14 लाख. म्हणजे या आजाराचे रुग्ण आता मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना वाटतं की तो लहानपणीचा विषय होता.

त्यात आपण देश बदलणारी माणसं. एच-वनवर आलेल्या घरात मूल ह्यूस्टनला जन्मतं, सिएटलला शाळेत जातं, आणि आई-वडील परत जायचं ठरवतात तेव्हा पुण्यात आठवीत जातं. प्रत्येक वेळी फाईलचं एक पान गळतं. माझ्या ओळखीच्या तीन मराठी घरांत अशी मुलं आहेत. मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही एकमेकांना शोधलं, तेही योगायोगाने, कारण पोहण्याच्या तलावावर व्रण दिसला. आम्ही चौघांनी मिळून एक साधी गोष्ट केली. प्रत्येक मुलाचं एक पान तयार केलं: आजाराचं पूर्ण नाव, कोणतं ऑपरेशन, कधी, कोणतं ठिगळ किंवा झडप, आता काय शिल्लक आहे, शेवटच्या इको-एमआरआयची मापं, औषधं, कशाची काळजी. डॉक्टरांकडून तपासून घेतलं. ते फोनमध्ये आहे, पाकिटात आहे, आणि एक प्रत आजी-आजोबांकडे भारतात आहे. इकोच्या नुसत्या अहवालाऐवजी त्याची चित्रंही डिस्कवर मागून घेतली, कारण नव्या डॉक्टरांना जुन्या चित्रांशी तुलना करायची असते. सॉफ्टवेअरवाल्याला यात मोठं काही वाटत नाही. दस्तऐवज ठेवणं हे आमचं रोजचं काम. तरी स्वतःच्या मुलीसाठी ते करायला मला सहा वर्षं लागली.

आणि लेकीला आम्ही सांगतो. सगळं, तिच्या वयाला झेपेल तसं. गेल्या तपासणीत डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, ‘तुझ्या हृदयाला काय झालं होतं, सांगशील?’ आठ वर्षांच्या पोरीने बोटांनी भोक करून दाखवलं, ठिगळ लावून दाखवलं, आणि म्हणाली, ‘एक दार आहे, ते नीट बंद होत नाही. ते बघायला मी येते.’ अठराव्या वर्षी ती या दवाखान्यातून मोठ्यांच्या दवाखान्यात जाईल तेव्हा फोन तिलाच करायचाय. तेव्हाची तयारी आत्तापासून.

हे सगळं मी बहिणीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, नाव नको, बाकी सगळं लिही, आणि सज्जनगडाचं लिहिताना मी वजनाचं खोटं बोलले तेही लिही.

परवा व्हिडिओ कॉल होता. लेकीने टी-शर्टचा गळा खाली ओढून कॅमेऱ्यासमोर व्रण धरला आणि विचारलं, ‘आत्या, तुझा मोठा की माझा?’ आत्या म्हणाली, ‘माझा. माझा दोनदा उसवलाय.’ मागे विहीणबाई पोळ्या लाटत होत्या, त्या हसल्या नाहीत, पण वळून बघितलं. मग मावशीला जोडून घेतलं. मावशीने फोन भिंतीकडे वळवला. कालनिर्णयच्या जून महिन्यावर, दुधाच्या हिशेबाच्या आकड्यांमध्ये, लाल पेनाने गोल केला होता. ‘ही आमची,’ मावशी म्हणाली. ‘पोरीची कधी आहे?’ मी सांगितलं, ऑगस्टची एकोणीस. फोन हातात तसाच ठेवून ती पानं उलटायला लागली.